येथे फोर बाय फोर करून मिळेल?

पिक-अप घेताना चार लाख वाचवले आणि पहिल्याच पावसाळ्यात चिखलात रुतलात? मग पुढच्या दोन चाकांनाही कामाला लावायचा किडा डोक्यात वळवळणारच. पण गॅरेजवाल्याला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी जरा गाडीखाली डोकावून बघू या!

हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई... कुठल्याही आयटी पार्कच्या बेसमेंटमध्ये एक चक्कर मारा. पांढऱ्या हॅचबॅक आणि चकाचक कॉम्पॅक्ट एसयूव्हींच्या रांगेत एखादी गाडी अशी दिसतेच, जिचं नाक रांगेत आणि शेपूट बाहेर. सिक्युरिटीवाले तिच्याकडे वैतागून बघतात, इंटर्न पोरं कौतुकाने. मागे उघडा हौदा, वर रोल-बार, काचेवर कुठल्या तरी किल्ल्याचा स्टिकर. पिक-अप! एकेकाळी भाजी, सिमेंट आणि लग्नातलं मंडपाचं सामान वाहणारी ही जमात ऑफिसच्या पार्किंगमध्ये आली ती मुख्यतः २०१६ नंतर, इसुझूने डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणली तेव्हापासून. त्याआधी स्कॉर्पिओ गेटअवे होती, टाटा झेनॉन होती, पण त्या घेणारे लोक जरा हटकेच होते.

गंमत अशी, की या गाड्या दिसतात सगळ्या सारख्याच रांगड्या. पण त्यातल्या बऱ्याच टू-व्हील-ड्राइव्ह असतात. म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची दोन चाकं वळायला आणि दिसायला. कारण सोपं आहे, पैसा! २०२१ मध्ये इसुझूने टू-व्हील-ड्राइव्ह हाय-लँडर आणली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत साधारण १७ लाख होती आणि मॅन्युअल गिअरची फोर बाय फोर व्ही-क्रॉस २१ लाखांच्या आसपास. चार लाखांचा फरक! ईएमआयच्या एक्सेल शीटमध्ये तो फरक फार मोठा दिसतो. सेल्समन म्हणतो, ‘‘सर, शहरात कुठे लागतंय फोर बाय फोर?’’ आपल्यालाही ते पटतं.

मग जुलै येतो.

मुळशीत, भोरला, नाही तर दापोलीकडे कुठे तरी डांबर संपतं, लाल चिखल सुरू होतो आणि मागचं एक चाक जागच्या जागी फिरायला लागतं. फर्र... फर्र... गाडी तसूभर पुढे सरकत नाही. गावातला ट्रॅक्टर येतो, दोर लावतो, ओढून काढतो. ट्रॅक्टरवाला पैसे घेत नाही, पण गालात हसतो. ते हसणं सोमवारच्या मीटिंगपर्यंत डोक्यातून जात नाही. मग प्रश्न पडतो, ‘हीच गाडी फोर बाय फोर करून मिळेल का?’

उत्तर विचित्र आहे. करून मिळते. गॅरेजच्या दृष्टीने हे मुळीच अशक्य नाही. पण ज्याला ते करून घ्यायचंय त्याच्या कामाची ती गाडी बहुतेक वेळा राहत नाही. कसं ते बघू.

आधी फंडा क्लिअर करू

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोल डबा असतो. त्यात डिफरेन्शियल असतं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. हा फरक सांभाळायचं काम डिफरेन्शियलचं. डांबरावर ते फार शहाणं असतं, चिखलात मात्र महामूर्ख. कारण ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक निसरड्यावर असेल तर त्याला फिरायला जेमतेम जोर लागतो. मग दुसऱ्या, घट्ट जमिनीवर असलेल्या चाकालाही तेवढाच जेमतेम जोर मिळतो. निकाल? एक चाक गरगर फिरतं, दुसरं शांत उभं. म्हणजे तुमची टू-व्हील-ड्राइव्ह त्या क्षणी खरं तर वन-व्हील-ड्राइव्हसुद्धा नसते!

पिक-अपची यात आणखी एक पंचाईत आहे. तिचा मागचा भाग माल वाहायला बनवलेला. हौद्यात टनभर माल असेल तेव्हा मागची चाकं जमिनीत घट्ट रोवली जातात. पण आपल्या हौद्यात काय असतं? एक तंबू, दोन सॅक, एक कोळशाची शेगडी. मागचे पाटे ढिम्म हलत नाहीत, शेपूट हलकं आणि ताकद नेमकी त्या हलक्या शेपटाला. सगळं वजन पुढे, इंजिनाखाली. तिथली चाकं रिकामटेकडी.

फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये ही पुढची चाकं कामाला लागतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. ती ताकद पुढे-मागे वाटते. शिवाय तिच्यात ‘फोर-लो’ नावाचा दांडगा गिअर असतो, जो वेग साधारण अडीच पटीने कमी करतो आणि तितक्या पटीने जोर वाढवतो. खऱ्या चढावर हा फोर-लो चार चाकांइतकाच महत्त्वाचा. अ‍ॅक्सिलरेटरला हात (म्हणजे पाय!) न लावता गाडी गोगलगायीसारखी चढते. ज्याने एकदा अनुभवलं, तो त्याच्या प्रेमातच पडतो.

चार भोकांची करामत

टू-व्हील-ड्राइव्हची फोर-व्हील-ड्राइव्ह करणं ही काही आजची किंवा यूट्यूबवरची टूम नाही. अमेरिकेत इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३० च्या दशकातच फोर्डचे ट्रक घेऊन त्यांना चारचाकी ताकद देत होती. १९५० च्या दशकात मिनियापोलिसच्या नॅपको कंपनीने तर शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिक-अपसाठी चक्क तयार किट काढलं, ‘पॉवर-पॅक’ नावाचं. पुढचा अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस, शाफ्ट, सगळं एका संचात. कंपनीचा दावा असा, की चेसिसला फक्त चार नवी भोकं पाडायची, बाकी सगळं असलेल्या भोकांत बसतं! ते इतकं चाललं, की १९५७ पासून शेव्हरोलेने तो पर्याय स्वतःच फॅक्टरीतून द्यायला सुरुवात केली. टोयोटाची हायलक्स १९६८ मध्ये आली, पण तिला फोर-व्हील-ड्राइव्ह मिळायला १९७९ उजाडलं.

तेव्हा हे जमत होतं, कारण गाडी म्हणजे शिडीसारखी चेसिस, खाली पाटे आणि पाट्यांना बांधलेला सरळसोट अ‍ॅक्सल. पुढचा साधा अ‍ॅक्सल काढा, ताकदवाला अ‍ॅक्सल त्याच पाट्यांना बांधा. ईसीयू नाही, सेन्सर नाही, वायरिंग म्हणजे हेडलाइट आणि हॉर्न.

आपल्याकडेही जीपवाल्यांनी हे भरपूर केलं. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासून त्याच घराण्याच्या गाड्या कित्येक दशकं निघत राहिल्या. सुटे भाग या गाडीचे त्या गाडीला बसायचे. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जीप, त्यांचे अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस भंगार बाजारात फिरायचे. कुर्ल्याला विचारा, नाना पेठेत विचारा, मिळून जायचं. टू-व्हील-ड्राइव्ह कमांडर किंवा मेजर घ्यायची आणि हळूहळू, बोनसप्रमाणे, तिला फोर बाय फोर करायचं! ज्यांनी हे केलंय ते मेकॅनिक आजही आहेत. बोटं काळी, डोळ्यांत चमक. त्यांना कमी लेखायचं कारण नाही.

फक्त त्यांच्यासमोर उभी असलेली गाडी आता ती राहिलेली नाही.

गाडीखाली झोपून बघा

आजच्या पिक-अपखाली जरा पाठीवर सरकून आत जा. (ऑफिसच्या शर्टात नको.) काय काय बदलावं लागेल?

सुरुवात गिअरबॉक्सपासून. टू-व्हील-ड्राइव्हच्या गिअरबॉक्सची मागची शेपटी वेगळी असते आणि त्यातून बाहेर येणारा शाफ्टही वेगळा. त्याला ट्रान्सफर केस सरळ जोडता येत नाही. बहुतेक वेळा फोर बाय फोरचा गिअरबॉक्सच आणावा लागतो. तो आला की त्याला धरणारा चेसिसमधला आडवा क्रॉसमेंबर बदला. लिव्हरवाला ट्रान्सफर केस असेल तर केबिनची जमीन कापा. ट्रान्सफर केस मध्ये आला म्हणजे मागचा प्रॉपेलर शाफ्ट लांब पडला. तो कापून, वेल्ड करून, पुन्हा बॅलन्स करा. बॅलन्स नीट झालं नाही तर ऐंशीच्या वेगाला अख्खी गाडी थरथरते आणि काही हजार किलोमीटरमध्ये क्रॉस तुटतो.

आता पुढे या. खरी मजा इथे. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाड्यांत पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. म्हणजे सरळसोट अ‍ॅक्सल बांधायचा प्रश्नच नाही. इंजिनाखाली चेसिसला डिफरेन्शियल लटकवायचं. त्यासाठी चेसिसवर त्याची कानं, म्हणजे ब्रॅकेट हवीत. टू-व्हील-ड्राइव्हच्या चेसिसवर ती असतील तर नशीब, नसतील तर वेल्डिंग. डिफरेन्शियलला जागा हवी, म्हणून इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ते सम्प म्हणतात ना, तेही वेगळ्या आकाराचं लागू शकतं. डिफरेन्शियलपासून चाकापर्यंत दोन ड्राइव्ह शाफ्ट. पण सध्याच्या चाकाच्या हबमधून शाफ्ट आरपार जाईल अशी सोयच नसते. म्हणून हब बदला, बेअरिंग बदला, नकल बदला. नकल बदलली की ब्रेक आणि स्टिअरिंगच्या जोडण्याही पुन्हा तपासा.

आणि एक हिशेब, जो चुकला की सगळं मुसळ केरात. पुढच्या आणि मागच्या डिफरेन्शियलचं गिअर गुणोत्तर एकच हवं. समजा मागे ४.१ आहे आणि स्वस्तात मिळालं म्हणून तुम्ही पुढे ३.७ वालं बसवलं. टू-व्हीलमध्ये काही कळणार नाही, गाडी सुतासारखी पळेल. फोर बाय फोर टाकलं की पुढची चाकं एका वेगाने फिरू बघतात, मागची दुसऱ्या. दोन बैल दोन दिशांना. मधला ट्रान्सफर केस पिळवटून निघतो. चिखलात चाकं घसरून थोडं सांभाळून घेतील, कडक जमिनीवर काही तरी तुटणारच.

शेवटी वायरिंग. हल्लीच्या गाडीत एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल, गिअरबॉक्स आणि इंजिन सतत एकमेकांशी बोलत असतात. गाडी कुठल्या व्हेरियंटची आहे हे ईसीयूला ठाऊक असतं. फोर बाय फोर टाकायला लिव्हर नाही, गोल बटण असतं. ते बटण, त्याची मोटर, त्याचं कंट्रोल युनिट, सगळं आणायचं आणि ईसीयूची समजूत काढायची. हे नाही केलं तर डॅशबोर्डवर दिवाळी. केलं तरी, ओल्या रस्त्यावर घाटात जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस कंपनीने ठरवल्यासारखंच वागेल, हे लिहून कोण देणार? कंपनी वर्षानुवर्षं ज्याच्या चाचण्या घेते, त्याची चाचणी तुम्ही वरंध घाटात घेणार. घरच्यांना बसवून!

थारवाल्यांचीही यातून सुटका नाही बरं. जानेवारी २०२३ मध्ये रिअर-व्हील-ड्राइव्ह थार ९.९९ लाखांपासून आली, तेव्हा कित्येकांनी मनातल्या मनात तोच बेत केला. आत्ता स्वस्तातली घेऊ, मग करू फोर बाय फोर. पण डिझेलमध्ये इंजिनच वेगळं! फोर बाय फोरला २.२ लिटर, रिअर-व्हील-ड्राइव्हला १.५ लिटर. म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल शोधण्याआधीच घोडं अडलं.

डोनर द्या, साहेब!

आमचा एक मित्र आहे, बाणेरच्या एका कंपनीत टेस्टिंग टीमचा लीड. आई-बाबा रिटायर होऊन भोरकडच्या शेतावर राहायला गेले. घर छान, हवा छान, पण गावच्या पारापासून घरापर्यंतचा शेवटचा चढ कच्चा. उन्हाळ्यात स्कूटर चढते, पावसाळ्यात याची टू-व्हील-ड्राइव्ह पिक-अपही चढत नाही. बाबा फोनवर सांगायचे, ‘‘गाडी खालीच लाव आणि चालत ये रे.’’ तोही चालत जायचा. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि चालत जा-ये हा पर्याय संपला. ऐन जुलैत रात्री काही झालं तर? या एका प्रश्नाने त्याची झोप उडवली. म्हणजे फोर बाय फोर हा त्याच्यासाठी वीकएण्डचा शौक नव्हता.

भोसरीतला एक जुना, नावाजलेला मेकॅनिक त्याला कोणी तरी सांगितला. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारून पाच मिनिटं खालून बघितली आणि म्हणाला, ‘‘साहेब, होईल. पण एक अख्खी गाडी लागेल.’’

‘‘कसली गाडी?’’

‘‘डोनर हो. याच मॉडेलची फोर बाय फोर, अ‍ॅक्सिडेंटवाली. पुढून ठोकलेली नको, मागून ठोकलेली बघा. सुटं सुटं गोळा करत बसलात तर दिवाळी उजाडेल, आणि एक नट कमी पडला तरी गाडी माझ्या दारात उभी.’’

हे ऐकायला गंमतीचं वाटतं, पण या विषयातलं सगळ्यात खरं वाक्य हेच. नीट कन्व्हर्जन करायचं तर दुसरी पूर्ण फोर बाय फोर विकत घ्यावी लागते! तिची किंमत, मजुरी, लेथचं काम, वायरिंग आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर त्या काळातलं ओला-उबर. वर गाडीचं वजन दीडएक माणसाइतकं वाढतं, मायलेज घटतं, वॉरंटी उरली असेल तर तिच्यावर पाणी. आणि विकायला काढलीत की गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘कन्व्हर्टेड आहे? मग कमी करा.’’ शोरूममध्ये वाचवलेले चार लाख इथे सव्याज परत जातात.

मित्राने तरी डोनर शोधायला सुरुवात केली. माणूस हट्टाला पेटला की असंच होतं. त्याला थांबवलं ते पैशाने नाही, आरसी बुकाने.

टेकडीवरचा कायदा

पुणेकर वेताळ टेकडीवर फिरायला जातात. त्याच टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासूनची. नवीन मॉडेल रस्त्यावर येण्याआधी ज्या संस्थांकडून त्याला तपासून मान्यता मिळवावी लागते, त्यातली ही एक. ब्रेक, धूर, वजन, सगळं तपासलं जातं. जी गाडी पास झाली ती तशीच विकायची आणि, इथे गोम आहे, तशीच वापरायचीही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मुळात जे ठरवलंय त्याच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायदा सुधारला गेला आणि कलम १८२-अ मध्ये मालकाला थेट शिक्षा आली. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. परवानगीची वाट आहे ती सीएनजी, एलपीजी, बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटसाठी, दिव्यांगांसाठी गाडीत करायच्या बदलांसाठी. ‘मला चिखलात जायचंय’ या कारणासाठी नाही!

‘पण आरसीवर कुठे लिहिलंय फोर बाय टू?’ हा गॅरेजमधला आवडता युक्तिवाद. बऱ्याचदा नसतंच लिहिलेलं. पण मॉडेलचं नाव असतं, रिकाम्या गाडीचं वजन असतं, चेसिस नंबर असतो. त्या नंबरवरून गाडी फॅक्टरीतून कशी निघाली हे कंपनी लगेच सांगते. ट्रॅफिक हवालदार गाडीखाली वाकून बघणार नाही, मान्य. इन्शुरन्सचा सर्व्हेअर मात्र बघतो. त्याचं कामच ते आहे. न कळवलेला बदल सापडला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली तर कंपनीने त्याला दिलेली भरपाई नंतर तुमच्याकडून वसूल करायची पाळीही येऊ शकते. तो आकडा चार लाखांत मावणारा नसतो.

स्पर्धांची गोष्ट वेगळी. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती होते. तिथल्या गाड्या बघितल्या तर डोळे फिरतात. पण ती बंद ट्रॅकवरची जत्रा आहे. त्यातल्या अनेक गाड्या तिथपर्यंत ट्रेलरवर बसून येतात.

दोन चाकांतही बरंच होतं

मग काय, हात जोडून बसायचं? मुळीच नाही. जे टू-व्हील-ड्राइव्हवाले फोर बाय फोरची स्वप्नं बघतात, त्यातल्या निम्म्यांनी असलेल्या गाडीची निम्मी लायकीही वापरलेली नसते, असं आमचं प्रामाणिक मत आहे.

टायर बघा आधी. कंपनीने दिलेले टायर बऱ्याचदा हायवेचे असतात. त्याच मापात, हो त्याच मापात, ऑल-टेरेन टायर मिळतात. रुंद आणि उंच टायर घालून शायनिंग मारायचा मोह टाळा, तोही बदल कायद्यात बसत नाही. मग हवा. डांबरावरचं प्रेशर चिखलात तसंच ठेवणं ही आपली राष्ट्रीय सवय. ते वीसएक पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो. बारा व्होल्टचा हवेचा पंप सोबत ठेवा आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरा. कमी हवेवर पळवलंत तर टायर तापतो आणि फाटतो.

हौदा रिकामा नेऊ नका. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर वाळूची तीन-चार पोती ठेवली तरी गाडीचा स्वभाव बदलतो. पोती पट्ट्याने करकचून बांधा, नाही तर ब्रेक मारल्यावर तीच केबिनवर आदळतील.

आणि ही एक जुन्या ड्रायव्हरांची युक्ती. एक चाक फिरतंय, दुसरं उभं आहे? हँडब्रेक दोन-तीन खटके हलकेच ओढा आणि मग अ‍ॅक्सिलरेटर द्या. ब्रेकमुळे फिरणाऱ्या चाकाला फुकट फिरता येत नाही, त्यामुळे डिफरेन्शियलला उभ्या चाकाकडेही थोडा जास्त जोर पाठवावा लागतो. कित्येकदा तेवढ्यावर गाडी सुटते. ज्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल असतो त्या हेच काम स्वतः करतात. ही युक्ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या, ओढायच्या हँडब्रेकवर. सुटलात की लगेच सोडा, विसरलात तर लायनर जळतील.

हे सगळं करूनही दर आठवड्याला अडकत असाल, तर मात्र फॅक्टरीतून आलेली फोर बाय फोरच घ्या, सेकंड-हँड का होईना. बघताना एवढं करा. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, की गाडी मुळातच फोर बाय फोर आहे का. ‘कन्व्हर्टेड आहे पण एकदम पक्कं काम’ असं मालक सांगत असेल तर चहा पिऊन निघा. मातीच्या मैदानात गाडी न्या, फोर-हाय, मग थांबून फोर-लो टाकून बघा. गिअर पटकन बसतोय का? चालताना कटकट आवाज? खाली वाकून पुढच्या डिफरेन्शियलभोवती तेल गळतंय का बघा. चाकामागची रबरी बुटं फाटलेली असतील तर आतल्या जॉइंटमध्ये चिखल गेलाय असं समजा. आणि डांबरावर फोर-हाय टाकून वळवायचा हट्ट धरू नका, मालक चिडेल आणि त्याचं बरोबर असेल. अशा गाड्यांत पुढची-मागची चाकं एकमेकांशी जखडली जातात, कोरड्या डांबरावर वळताना ती घसरू शकत नाहीत आणि सगळी यंत्रणा पिळून निघते.

चढाचं काय झालं?

मित्राने शेवटी डोनर घेतला नाही. जुनी गाडी विकून फोर बाय फोर घ्यायचाही हिशेब मांडला. मग एका रविवारी बाबांनी विचारलं, ‘‘तू इथे असतोस महिन्यातून चार दिवस. बाकीचे सव्वीस दिवस ती गाडी बाणेरला. रात्री हिला काही झालं तर येणारी अ‍ॅम्ब्युलन्स काय फोर बाय फोर असणार आहे?’’

टेस्टिंगवाल्याला बाबांनी शोधून दिलेला बग!

चढ लांबून भयंकर वाटायचा. पण मोजून बघितल्यावर खरी अडचण जेमतेम दीडशे मीटरची निघाली. वरच्या वावरातलं पाणी तिथे रस्त्यावर उतरायचं आणि माती लोण्यासारखी व्हायची. शेजाऱ्यांशी बोलणं झालं, दोघांनी पैशात वाटा उचलला. कडेने चर खणला, पाणी वळवलं, खाली एक सिमेंटचा पाइप टाकला. दगडाचं सोलिंग, वर मुरूम, रोलर आणि सगळ्यात चढाच्या तुकड्यावर चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या. सगळं मिळून गॅरेजवाल्याच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमीत झालं.

आईचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. ती घरी परतली तेव्हा धो धो पाऊस होता. त्या चढावरून त्याची पिक-अप दुसऱ्या गिअरमध्ये गेली. मागून शेजाऱ्यांची मारुती व्हॅनही गेली, हॉर्न वाजवत. मित्र अजून रोज रात्री जेवण झालं की ओएलएक्स उघडून सेकंड-हँड व्ही-क्रॉस बघत बसतो, ते वेगळं.